महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर ‘दोन बंदुका’ नाहीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जिल्ह्यातील माजी सैनिकांवर आलेला सचित्र मजकूर मी दोनदा वाचला. तो जिव्हाळ्याने लिहिलेला आहे आणि त्यातली नावे-गावे बिनचूक आहेत, याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र एका चौकटीत महार रेजिमेंटचे बोधचिन्ह छापून त्याखाली ‘एकमेकींना छेदणाऱ्या दोन बंदुका व मधोमध तलवार : शौर्याचे प्रतीक’ अशी ओळ दिली आहे. या एवढ्याशा ओळीत तीन चुका आहेत. त्या साध्या बंदुका नाहीत, ती तलवार नाही, आणि ‘शौर्याचे प्रतीक’ हे शब्द तर कोणत्याही पलटणीच्या कोणत्याही चिन्हाखाली छापता येतील, म्हणजेच ते काहीही सांगत नाहीत. पहिल्या दोन चुका दोन ओळींच्या दुरुस्तीने भागतील. तिसरीसाठी मात्र मला हे लांबलचक पत्र लिहावे लागत आहे.

माझा या विषयाशी संबंध घरचा आहे. वडील १९५० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या सागरच्या सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात, रंगरूट म्हणून दाखल झाले आणि पुढची बरीच वर्षे याच रेजिमेंटमध्ये राहिले. त्यांच्याआधी आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भरती झाले होते. दोघेही आता नाहीत. त्यांचे टोपीवरचे बिल्ले मात्र एका पत्र्याच्या डब्यात, जुन्या डिस्चार्ज बुकासोबत, माझ्याकडे आहेत. मी स्वतः सैन्यात गेलो नाही, माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले काही वाचलेले आहे, काही घरात ऐकलेले आहे, आणि जिथे केवळ माझे मत आहे तिथे तसे म्हटले आहे.

आधी त्या ‘बंदुकां’विषयी. बोधचिन्हावर एकमेकींना छेदून ठेवलेल्या दोन व्हिकर्स मीडियम मशिनगन आहेत, आणि त्या तिपाईवर चढवलेल्या आहेत. चिन्ह नखाएवढे छापले की तिपाईचे पाय दिसत नाहीत, आणि मग जाड नळीची मशिनगन कुणालाही रायफलीसारखी वाटते. परंतु या चिन्हाचा खरा अर्थ त्या तिपाईतच आहे. रायफल एकट्या जवानाची असते, तो ती खांद्याला लावून धावू शकतो. व्हिकर्स गन एकट्याची कधीच नव्हती. नुसत्या गनचे वजन सुमारे १५ किलो आणि तिपाईचे सुमारे २३. नळीभोवतीच्या नळकांड्यात जवळपास चार लिटर पाणी भरावे लागे, कारण मिनिटाला साडेचारशे ते पाचशे गोळ्या झाडणारी नळी दुसऱ्या कशाने थंड राहणार नव्हती. सलग काही मिनिटे फायर चालला की ते पाणी उकळू लागे. वाफ वर जाऊन शत्रूला जागा कळू नये म्हणून ती एका रबरी नळीवाटे डब्यात उतरवीत, आणि तिथे तिचे पुन्हा झालेले पाणी परत गनमध्ये ओतीत. एक नंबरचा जवान गन चालवी, दोन नंबरचा अडीचशे गोळ्यांचा कापडी पट्टा हाताने सरळ धरून आत जाऊ देई, आणि बाकीचे जवान गोळ्यांच्या पेट्या व पाणी आणून पुरवीत. या पाण्याचा पलटणीत चहा करीत असत, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, “तेलाचा वास येणारा चहा ज्याला प्यायचाय त्याने प्यावा.”

त्यांनी मला एक गोष्ट हाताने करून दाखवली होती, ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. घरातल्या लाकडी पेटीसमोर मांडी घालून ते बसले, दोन्ही मुठी समोर धरल्या आणि मग डाव्या तळहाताने पेटीच्या कडेला एक हलकी थाप मारली. थोडे थांबून पुन्हा तेवढीच थाप. गनचे तोंड आडवे फिरवायचे ते असे, थापेथापेने. प्रत्येक थाप एकाच मापाची हवी, म्हणजे गोळ्या समोरच्या पट्ट्यात सारख्या अंतराने पडतात. ही थाप हातात बसावी म्हणून सेंटरमध्ये महिनोन् महिने सराव करून घेत. वडिलांचा हात सत्तरीतही तीच थाप मारी, जेवताना ताटाच्या कडेला आणि देवळात भजन चालू असताना स्वतःच्या गुडघ्यावर.

आता या गन चिन्हावर आल्या कशा, ते पाहू. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, दुसरी बटालियन कामठीला उभारली गेली. सुरुवातीला ती पायदळाचीच रेजिमेंट होती. १९४६ मध्ये तिचे रूपांतर मशिनगन रेजिमेंटमध्ये झाले. मशिनगन बटालियन सहसा एकसंध लढत नाही. तिच्या कंपन्या, कधी कधी प्लाटूनसुद्धा, वेगवेगळ्या ब्रिगेडना वाटून दिल्या जातात. चढाई दुसरी पलटण करते, टेकडी तिच्या नावावर लागते, आणि तिच्या डोक्यावरून किंवा बाजूने सतत मारा करून शत्रूला मान वर काढू न देणारे मशिनगनवाले त्या विजयाच्या बातमीत पुष्कळदा नसतातच. म्हणून या बोधचिन्हातल्या गन आणि त्यांची तिपाई मला नेहमी एका विशिष्ट कामाची नोंद वाटतात. ते काम म्हणजे जागा न सोडणे आणि दुसऱ्याची चढाई सुखरूप होऊ देणे. ‘शौर्य’ या एका शब्दात हे सारे मावत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे. काही वक्ते भाषणाच्या ओघात या चिन्हाचे नाते गावच्या वेसकराच्या, म्हणजे वेशीची राखण करणाऱ्याच्या, काठीशी जोडतात, आणि राखण करणे हा समाजाचा ‘रक्तातला’ गुण होता असे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. वेसकरी जन्माने गळ्यात पडत होती. मशिनगनच्या एक नंबरची जागा परीक्षा देऊन मिळवावी लागे. माझ्या वडिलांना त्या दोहोंतला फरक चांगला कळत होता, आणि त्यांच्या दृष्टीने त्या बिल्ल्याची किंमत त्या फरकातच होती.

मधोमध जे उभे आहे ते खंजीर आहे, आणि या खंजिराच्या जागीच चिन्हाचा दुसरा, अधिक जुना अर्थ दडलेला आहे. माझ्याकडच्या डब्यातला तात्यांचा बिल्ला आणि वडिलांचा बिल्ला शेजारी शेजारी ठेवले तर प्रथमदर्शनी फरक कळत नाही. दोन्ही ब्रासोने घासून घासून गुळगुळीत झालेले, गनच्या कडा बोथट झालेल्या, आणि तिपाईचे पाय तर वडिलांच्या बिल्ल्यावर बोटाला लागतात पण डोळ्याला नीट दिसत नाहीत. मात्र खिडकीच्या उजेडात तिरपे धरले की लक्षात येते की वडिलांच्या बिल्ल्यावर जिथे खंजीर आहे, तिथे तात्यांच्या बिल्ल्यावर एक चौकोनी, वर निमुळता होत जाणारा स्तंभ आहे. तो कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटच्या चिन्हावरून तो काढण्यात आला आणि त्याच जागी खंजीर आले.

कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची, आणि स्तंभाची पायाभरणी १८२१ ची. कॅप्टन स्टॉन्टन यांच्या हाताखालच्या कंपनी सरकारच्या फौजेने पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या सैन्यासमोर दिवसभर गाव धरून ठेवले. स्तंभावर इंग्रजीत आणि मराठीत मजकूर कोरलेला आहे, आणि पडलेल्या शिपायांची नावे आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे, जो त्या काळी महार पुरुषांच्या नावांना लागत असे. मी शिक्षक असल्यामुळे प्रत्ययांकडे माझे लक्ष जरा जास्त जाते. पण एखाद्या समाजाचा लष्करी इतिहास एका प्रत्ययाच्या आधाराने दगडावर टिकून राहावा, याचे आश्चर्य व्याकरण न शिकवणाऱ्यालाही वाटेल.

या बाबतीत एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. कोरेगावात लढलेली पलटण, म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, पुढे बॉम्बे ग्रेनेडियर्समध्ये गेली आणि तिचा वारसा आजच्या ‘द ग्रेनेडियर्स’ या रेजिमेंटकडे आहे. लष्करी रिवाजाने पाहिले तर कोरेगावचा मान त्या पलटणीच्या वंशाकडे जातो. १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा कागदोपत्री त्या लढाईशी संबंध नव्हता. असे असूनही तिच्या चिन्हावर तो स्तंभ आला. माझ्या मते याचा अर्थ एवढाच होतो की तो स्तंभ रेजिमेंटचा युद्धसन्मान म्हणून आलेला नव्हता. आम्ही आधीही इथे होतो, असे सांगणारा तो पुरावा होता. आणि तसा पुरावा मांडण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी मधली पन्नास वर्षे पाहावी लागतात.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्पिढ्या होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगरलढाऊ जाती’ अशी वाटणी केली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. ज्यांचे बाप-आजे पेन्शन घेत होते त्यांना भरतीच्या मैदानावरून परत पाठवले जाऊ लागले. स्वतः माजी सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोहोचवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला भेट देण्यासाठी गेले, आणि १९४१ च्या जुलैमध्ये संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाल्यावर त्यांनी स्वतंत्र महार रेजिमेंटसाठी आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेजिमेंट उभी राहिली. हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला की चिन्हावरचा तो स्तंभ कुणा इंग्रज अधिकाऱ्याच्या हौसेचा वाटत नाही.

मग तो काढला ते चूक झाले का? आमच्या घरात या प्रश्नावर दोन मते होती. तात्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिले. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी बांधला, स्वतंत्र देशाच्या फौजेने तो डोक्यावर का मिरवावा, असे ते विचारीत, आणि लगेच पुढे म्हणत की स्तंभ जागेवर आहे, आपण वर्षातून एकदा जातो, तेवढे पुरे. मी दोघांच्याही बाजूचा आहे, आणि ही पळवाट नाही. चिन्ह बदलले म्हणून आधीचा अर्थ पुसला जात नाही, तो फक्त टोपीवरून उतरून घरातल्या डब्यात येतो. खंजिराचा माझ्या परीने लावलेला अर्थ असा, की दूरवर मारा करणाऱ्या दोन यंत्रांच्या मध्ये हातघाईचे शस्त्र उभे केले आहे. यंत्र बंद पडले तरी शेवटी पायदळाचा जवान जवानच राहतो, हे ते सांगते. हा अर्थ कुठे अधिकृतरीत्या नोंदलेला आहे असा माझा दावा नाही.

१९६० च्या दशकात रेजिमेंट पुन्हा साध्या पायदळात रूपांतरित झाली. व्हिकर्स गन आज संग्रहालयात पाहायच्या. तरीही चिन्हावर त्या राहिल्या, आणि ते योग्यच झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हावर तलवारी आणि ढालीबरोबर बिगूल आहे, कारण लाइट इन्फन्ट्रीचे जवान विखरून लढत आणि त्यांना हुकूम ढोलाने न देता बिगुलाने द्यावे लागत. आता हुकूम वायरलेसवर जातात, म्हणून बिगूल कुणी काढला नाही. ग्रेनेडियर्सच्या चिन्हावरचा जळता बॉम्ब हाताने फेकणारे शिपाई तर कित्येक पिढ्यांपूर्वीचे. पलटणीचे बोधचिन्ह तिने आज कोणते हत्यार वापरले ते सांगत नाही, तिला ओळख कोणत्या कामाने मिळाली ते सांगते. असे असताना त्यातले हत्यार बदलून तिसरेच काही छापणे म्हणजे एखाद्याच्या जन्मदाखल्यावर दुसऱ्याच्या बापाचे नाव लिहिण्यासारखे आहे. उपमा जरा कडक झाली, पण ती मागे घेत नाही.

नावाविषयीही थोडे लिहितो, कारण त्या चौकटीत ‘एका समाजाची रेजिमेंट’ असाही उल्लेख आहे. सुरुवातीला तसे होते. पण १९५६ मध्ये पूर्व पंजाबातल्या बॉर्डर स्काउट्सच्या बटालियन या रेजिमेंटमध्ये आल्या आणि ती मिश्र होत गेली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत हौतात्म्य पत्करून मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे, म्हणजे याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. जन्म मुंबईतला, कुटुंब तमिळ. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. आणि पलटणीची युद्धघोषणा कोणत्या देवतेची किंवा राजाची नाही. ती आहे ‘बोलो हिंदुस्तान की जय’. वडील सांगत, की इतर पलटणींची घोषणा ऐकली की कळते जवान कुठून आले, आमची घोषणा ऐकून एवढेच कळते की कुठे चालले. ज्या बिल्ल्यावर एका जातीचे नाव आहे तो बिल्ला लावणाऱ्यांची घोषणा इतकी मोकळी असावी, यातच मला या रेजिमेंटचा सगळा स्वभाव दिसतो.

हे पत्र केवळ आपल्या एका ओळीमुळे लिहिलेले नाही, हेही कबूल करतो. आमच्या तालुक्यातल्या एका गावात माजी सैनिकांच्या स्मरणार्थ कमान उभारली आहे. त्या कमानीच्या एका खांबावर याच रेजिमेंटचे चिन्ह रंगवले आहे, आणि त्यात मशिनगनच्या जागी हल्लीच्या चित्रपटांत दिसतात तशा, वाकड्या मॅगझिनच्या दोन रायफली आहेत. तिपाई नाही. खंजिराची तलवार झाली आहे आणि तिला मूठ तर थेट शिवकालीन दिली आहे. मी रंगाऱ्याला भेटलो. माणूस सज्जन आहे, हात उत्तम आहे. तो म्हणाला, “गुरुजी, मोबाईलवर एवढंसं चित्र आलं होतं. ते खालचं मला कॅमेऱ्याचा स्टँड वाटला, म्हणून गाळला.” यात त्याचा दोष मी मानत नाही. ज्यांनी चित्र पाठवले त्यांनीही ते कुठल्यातरी छापील कागदावरून घेतले असणार, आणि त्या कागदावरही ते नखाएवढेच असणार. एकदा चुकीचे छापले की पुढची चूक त्यावरून निघते, आणि दहा वर्षांनी कमान पाहून कुणी पुस्तक लिहिले तर महार रेजिमेंटच्या चिन्हावर तलवार होती असे त्यात छापून येईल.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. दुरुस्ती छापताना शब्दांची करावीच, पण चिन्हही पुन्हा छापावे, आणि ते चौकटीच्या कोपऱ्यात न छापता किमान चार इंच रुंदीचे, तिपाईचे पाय मोजता येतील असे छापावे. या पत्रासोबत वडिलांच्या आणि तात्यांच्या बिल्ल्यांची छायाचित्रे पाठवीत आहे. ती भाच्याने खिडकीच्या उजेडात, बिल्ले थोडे तिरपे ठेवून काढली आहेत, कारण समोरून काढली की झिजलेला भाग सपाट दिसतो. जुना स्तंभाचा बिल्ला छापायचा असल्यास त्याखाली तो जुना आहे असे अवश्य लिहावे, नाहीतर कमानीवर आता तोच यायचा. प्रत्यक्ष बिल्ले मात्र टपालाने पाठवण्याचे धाडस होत नाही; आपल्या छायाचित्रकारास यायचे असल्यास दुपारनंतर मी घरीच असतो.

रंगाऱ्याने रंग आणून ठेवला आहे. गावातल्या मंडळींनी दुरुस्तीला मान्यता दिली असून, पेपरात मोठे चित्र आले की त्याच कागदावर चौकटी आखून तो खांबावर उतरवणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा